स्टार ठेवायचा की पिक घ्यायचे? एनएफएलच्या दोन भावतक्त्यांची पारख

एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, मोठा खेळाडू विकला गेला की तासाभरात कुणीतरी गुणांची बेरीज मांडतं आणि निकाल देऊन मोकळं होतं: अमुक संघ लुटला गेला. ही बेरीज येते भावतक्त्यातून, म्हणजे ड्राफ्टच्या प्रत्येक क्रमांकाला ठरावीक गुण लावलेल्या कागदातून. ड्राफ्ट म्हणजे संघांनी दरवर्षी नवे खेळाडू फेऱ्याफेऱ्यांनी निवडणं, तळाचा संघ आधी; निवडीची एक पाळी म्हणजे पिक, आणि एका फेरीत अशा साधारण बत्तीस पाळ्या. असे तक्ते बरेच आहेत. खेळाडूच्या सौद्यात सतत पुढे येतात ते दोन: प्रशिक्षक जिमी जॉन्सनचा जुना तक्ता आणि ‘ओव्हर द कॅप’ या संकेतस्थळावरचा फिट्झगेराल्ड-स्पीलबर्गर तक्ता. दोन्ही फुकट मिळतात, दोन्हींत पहिल्या क्रमांकाला ३००० गुण आहेत. साम्य तिथेच संपतं.

जॉन्सनचा तक्ता १९९१ च्या सुमारास डॅलस काउबॉइजमध्ये तयार झाला. आकडे बसवले माइक मॅकॉय यांनी. ते संघात भागीदार आणि पेशाने इंजिनिअर. त्याआधी ऑक्टोबर १९८९ मध्ये हर्शल वॉकरला मिनेसोटाला देऊन डॅलसने पिकांचा ढीग जमवला होता. ड्राफ्टच्या दिवशी समोरच्या संघाचा फोन आला की मिनिटभरात हो-नाही सांगायला हाताशी काहीतरी हवं, एवढीच गरज होती. म्हणून आधी झालेल्या सौद्यांवरून दर काढले गेले. खेळाडू पुढे कसा निघतो याचा त्यात हिशेब नाही. बाजारात काय भाव चालला होता याची ती नोंद आहे.

या तक्त्याचा उतार कड्यासारखा आहे. पहिला ३०००, पाचवा १७००, दहावा १३००, सोळावा १०००, बत्तिसावा ५९०. पिकच्या बदल्यात पिक असा सौदा असेल तर आजही हाच वापरावा, कारण दोन्ही बाजूंना ही भाषा येते. पण खेळाडू तोलायला घेतला की तो डगमगतो. एक कारण पगाराचं. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचा ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला. नवख्यांच्या पगाराला मर्यादा घालणाऱ्या २०११ च्या कामगार करारानंतर पहिल्याच वर्षी कॅम न्यूटनला चार वर्षांचे साधारण २ कोटी २० लाख. एका वर्षात पहिला पिक इतका स्वस्त पडू लागला आणि तक्त्यातला आकडा मात्र जागचा हलला नाही.

फिट्झगेराल्ड-स्पीलबर्गर तक्ता उलट्या टोकाने सुरू होतो. त्या क्रमांकावर निवडलेल्या खेळाडूंना दुसरा करार केवढ्याचा मिळाला, यावरून तो किंमत लावतो. म्हणून उतार सौम्य: दुसरा २६४९, तिसरा २४४३, आणि बत्तिसावा तब्बल १२४० च्या आसपास.

एकच सौदा दोन्हींत घालून पाहा. सप्टेंबर २०१८ मध्ये रेडर्सनी खलील मॅक बेअर्सला दिला. मुख्य देवघेव अशी: रेडर्सकडे २०१९ आणि २०२० चे पहिल्या फेरीचे पिक आले, ते निघाले २४ वा आणि १९ वा, शिवाय २०२० चा ८१ वा. बदल्यात मॅकबरोबर ४३ वा पिक बेअर्सकडे गेला. जॉन्सनप्रमाणे ७४० अधिक ८७५ अधिक १८५, वजा ४७०: एकूण १३३०. म्हणजे मॅकची किंमत नवव्या-दहाव्या पिकएवढी. दुसऱ्या तक्त्यात तीच वजाबाकी अडीच हजारांच्या पुढे जाते, दुसऱ्या आणि तिसऱ्या पिकच्या मधे. एकाच माणसाचे हे दोन भाव. कुठला खरा म्हणायचा? जिंकणाऱ्याला हवा तो, असंच बहुतेक वेळा होतं.

सौम्य उताराची खोड वेगळी. त्याच्या बेरजेत बत्तिसावे दोन पिक मिळून तिसऱ्या पिकपेक्षा भारी ठरतात. कुठलाही संघ असा सौदा करणार नाही. मुख्य चमूत जागा ५३, मैदानात एका वेळी अकरा. दोन बरे खेळाडू मिळून एका असामान्य खेळाडूची जागा भरत नाहीत. म्हणून या तक्त्याने स्टारची किंमत काढताना एकाच्या बदल्यात किती पिक आले ते मोजा. तीनपेक्षा जास्त तुकडे झाले की बेरीज फुगलेली आहे असं समजा.

आता पुढच्या वर्षाच्या पिकाचं. दोन्ही तक्ते आजच्या क्रमांकावर बोलतात, आणि स्टारच्या सौद्यातले निम्मे पिक शेतातल्या उभ्या पिकासारखे असतात: कणीस भरायचं आहे, गारपीट व्हायची आहे. रूढ नियम असा की एका वर्षाला एक फेरी खाली. पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा मधला पिक म्हणजे यंदाचा ४८ वा. जॉन्सनच्या गुणांत १००० चे ४२० झाले. उलटून पाहिलं तर वर्षाला १३८ टक्के व्याज. सावकारसुद्धा लाजेल. नोकरी टिकेल की नाही याची धास्ती असलेल्या व्यवस्थापकाला ते परवडतं, संघाला नाही. स्टार विकणाऱ्याने म्हणूनच एक वर्ष थांबण्याची सवलत एका फेरीपेक्षा बरीच कमी धरावी.

क्रमांक कुठला धरायचा, इथे तर सगळ्यांचीच फसगत होते. विकत घेणारा संघ स्टारमुळे सुधारतो आणि त्याचाच पिक खाली घसरतो. बेअर्स २०१७ ला ५-११ (पाच विजय, अकरा पराभव) होते, मॅक आल्यावर १२-४. ज्याला सौद्याच्या दिवशी पहिल्या दहातला पिक वाटला असता, तो २४ वर गेला. पण हा नियमही धरून चालत नाही. रॅम्सनी २०२१ मध्ये मॅथ्यू स्टॅफर्डसाठी लायन्सना पुढचे दोन पहिल्या फेरीचे पिक दिले. २०२२ चा निघाला ३२ वा, कारण रॅम्स सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकले. २०२३ चा निघाला सहावा, कारण ते ५-१२ वर आपटले. जॉन्सनप्रमाणे ५९० आणि १६००. रसेल विल्सनसाठी डेनव्हर ब्रॉन्कोजनी सिॲटलला जे दिलं त्यात २०२३ चा पिक पाचवा निघाला. सिॲटलने त्यावर डेव्हन विदरस्पून घेतला, आणि २०२४ मध्ये डेनव्हरने विल्सनला सोडलं तेव्हा साडेआठ कोटी डॉलरचा मृत खर्च (खेळाडू गेल्यावरही संघाच्या हिशेबात राहणारी रक्कम) अंगावर पडला. बाजारात तुरी म्हणतात ती हीच. पहिल्या वर्षाला २४ च्या आसपासचा क्रमांक धरावा, दुसऱ्याला सरळ सोळावा.

मृत खर्च हा रकाना दोन्ही तक्त्यांत नाही, आणि हीच माझ्या मते सर्वांत मोठी उणीव. करारावर सही करताना दिलेली बोनसची रक्कम कॅपवर, म्हणजे संघाच्या वार्षिक पगार-मर्यादेवर, जास्तीत जास्त पाच वर्षांत विभागून लावतात. खेळाडू विकला की उरलेले हप्ते एकदम जुन्या संघाच्या कॅपवर येतात. १ जूननंतर विकला तर दोन वर्षांत वाटले जातात. म्हणजे मार्चमध्ये विकलात तर पिक लगेच एप्रिलच्या ड्राफ्टला मिळतात पण भार एकरकमी. जूननंतर भार हलका, पण पिक पुढच्या वर्षीचे. तक्ता उघडण्याआधी हा आकडा ‘ओव्हर द कॅप’वरच खेळाडूच्या पानावर पाहून घ्या.

मग नव्या कराराचा रकाना. मायका पार्सन्सला ऑगस्ट २०२५ मध्ये डॅलसने ग्रीन बेला दिलं. बदल्यात केनी क्लार्क हा खेळाडू आणि २०२६, २०२७ चे पहिल्या फेरीचे पिक. ग्रीन बेने त्याला चार वर्षांचे १८ कोटी ८० लाख डॉलर दिले. वर्षाला ४ कोटी ७० लाख, त्या वर्षीची कॅप २७ कोटी ९२ लाख; म्हणजे जवळपास १७ टक्के एका माणसात. पहिल्या फेरीच्या उत्तरार्धातला नवखा वर्षाला अर्ध्या कोटीच्या आत पडतो, चार वर्षं, वर पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हातात. मधला फरक चार कोटींहून जास्त, आणि त्यात दोन चांगले अनुभवी खेळाडू येतात. स्टारच्या गुणांतून ही रक्कम वजा केल्याशिवाय तोलणं अर्धवटच.

डायनॅस्टी फॅन्टसी लीग (खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ वर्षानुवर्षं चालवण्याचा खेळ) खेळणाऱ्यांनी मात्र या दोन्हींच्या वाटेला जाऊ नये. तिथे बहुधा कॅप नसते, पुढच्या फळीतले लाइनमन मोजत नाहीत. गुण लावायचे तर वेगळे लागतात.

पार्सन्सचा गुडघा डिसेंबर २०२५ मध्ये गेला, आणि ग्रीन बेचा २०२६ चा पिक २० वा निघाला: एका तक्त्यात ८५०, दुसऱ्यात १४८२. २०२७ चा क्रमांक अजून कोऱ्याच रकान्यात आहे.