नंबिओवर पुणे-श्टुटगार्ट: दरांचा तक्ता वापरा, वरचं वाक्य सोडा

चाकणमधल्या जर्मन कंपनीतून जर्मनीतल्या श्टुटगार्टची ऑफर आली की बहुतेक जण आधी नंबिओ ही शहरांच्या राहणीखर्चाची तुलना करणारी वेबसाइट उघडतात. दोन शहरांची नावं टाकली की वरच उत्तर मिळतं: पुण्यात अमुक रुपयांत जसं राहता, तसं राहायला तिकडे तमुक युरो लागतील. याच वाक्याचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर फिरतो आणि पगाराची बोलणीही त्याच्याच जोरावर होतात. अख्ख्या साइटवर सगळ्यात कमी भरवशाची गोष्ट तीच आहे. खालचा दरांचा तक्ता मात्र खरोखर उपयोगी आहे.

साइट २००९ पासून चालू आहे आणि बहुतेक दर वापरणाऱ्यांनीच भरलेले असतात. न्यूयॉर्कला १०० धरून शहरांचे निर्देशांक काढतात. राहणीखर्चाच्या निर्देशांकात घरभाडं नसतं. भाड्याचा निर्देशांक वेगळा आणि दोन्ही मिळून तिसरा. वरचं वाक्य या तिसऱ्यावर बेतलेलं असतं, तेही दोन्हीकडे भाड्यानं राहणार आणि रक्कम कर कापून हातात येणारी, असं धरून. इथेच पहिली गफलत होते. आपल्याकडून सीटीसी, म्हणजे कंपनीला आपल्यावर येणारा एकूण खर्च, टाकला जातो, ज्यात कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीही असते. तिकडच्या बाजूला ऑफर लेटरमधला ब्रुटो, म्हणजे कपातीआधीचा पगार धरला जातो. ब्रुटोमधून आरोग्य विमा, पेन्शन, बेरोजगारी विमा आणि शुश्रूषा विमा मिळून सुमारे २१ टक्के जातात, आयकर त्यानंतर. वर्षाला ५५,००० युरो ब्रुटो असलेल्या एकट्या माणसाच्या हातात, टॅक्स क्लास १ (अविवाहितांचा करगट) मध्ये, महिन्याला साधारण २,९०० युरो पडतात. जोडीदार कमावत नसेल आणि क्लास ३ (विवाहितांचा, कमी कर कापणारा गट) मिळाला तर आकडा बराच वाढतो. म्हणून आधी ब्रुटो-नेटो कॅल्क्युलेटरवर नेटो, म्हणजे हातात येणारी रक्कम काढा, इकडे सॅलरी स्लिपमधला निव्वळ पगार घ्या, आणि मगच तुलनेला बसा.

दुसरी अडचण यादीची. तक्त्यात बीफ आहे, वाइनची बाटली आहे, मार्लबोरो आहे, लिव्हाइस ५०१ आहे. तूरडाळ, कणीक, गॅस सिलिंडर नाही. त्याहून मोठी उणीव म्हणजे घरकामाला येणाऱ्या मावशींचा पगार त्यात कुठेच नाही. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घराचं राहणीमान निम्मं त्यावर उभं असतं. जर्मनीत २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. रोज दोन तासांची मदत घेतली तरी महिन्याला ८०० युरोंच्या पुढे जातं. त्यामुळे तिथे ती सहसा घेतली जात नाही, आणि धुणं, भांडी, स्वयंपाक दोघांनी नोकरीनंतर करायचा असतो. 'तसंच राहणीमान' हा हिशोब इथेच कोलमडतो.

भाड्याच्या ओळी जपून वाचा. तक्त्यात बेडरूम मोजतात, जर्मन जाहिरातीत खोल्या, आणि त्यात हॉलही धरतात. म्हणजे तिथलं तीन खोल्यांचं घर आपलं टू बीएचके. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असते ती काल्टमीट, म्हणजे निव्वळ भाडं. पाणी, कचरा, जिना-सफाई आणि बहुधा हीटिंग धरून होते ती वार्ममीट. विजेचं बिल सहसा वेगळंच भरावं लागतं. तक्त्यात ज्यानं जे भरलं ते एकत्र मिसळलेलं असू शकतं, म्हणून प्रत्यक्ष जाहिरातींवरून खात्री करा. अनेक घरांत ओटा-कपाटंसुद्धा नसतात, तो खर्च पदरचा. डिपॉझिट मात्र कायद्यानं तीन महिन्यांच्या काल्टमीटपेक्षा जास्त घेता येत नाही आणि तीन हप्त्यांत देता येतं. पुण्याच्या बाजूनंही 'शहराच्या मध्यात' या ओळीला अर्थ नाही. नोकरी हिंजवडीत, खराडीत किंवा चाकणला असेल तर डेक्कनचं भाडं बघून काय करणार?

सगळ्यात फसवा भाग आरोग्याचा. तो निर्देशांक सर्वेक्षणावर चालतो: वेळ किती लागला, खर्च परवडला का, यंत्रसामग्री आधुनिक वाटली का. पुण्यातून उत्तर देणारा खासगी हॉस्पिटलात जाणारा असला, तर त्याला तज्ज्ञ डॉक्टर आठवड्यात भेटतो. श्टुटगार्टमध्ये त्वचेच्या डॉक्टरसाठी आठवडेच्या आठवडे थांबावं लागू शकतं. त्यामुळे आकड्यांत फरक कमी वाटतो. पण सरकारी विमा असलेल्या प्रौढाला तिकडे हॉस्पिटलात दिवसाला १० युरो, वर्षात जास्तीत जास्त २८ दिवस, आणि औषधामागे साधारण ५ ते १० युरो एवढाच भार येतो. न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात येतात. आपल्याकडे पॉलिसी असूनही रूम रेंटची मर्यादा, पॉलिसीत न बसणारे खर्च आणि वयाबरोबर चढणारा प्रीमियम असतो. मोठ्या आजारात घर बुडण्याची भीती किती, हे मोजणारी एकही ओळ तक्त्यात नाही, आणि माझ्या मते दोन देशांतला खरा फरक तोच आहे.

जीवनमानाच्या एकत्रित निर्देशांकात क्रयशक्ती, सुरक्षितता, आरोग्यसेवा, राहणीखर्च, घराची किंमत व उत्पन्न, प्रवासाचा वेळ, प्रदूषण आणि हवामान असे आठ घटक आहेत. मुलांचं शिक्षण नाही, रजा नाहीत, नोकरीची शाश्वती नाही. जर्मनीत पाच दिवसांच्या आठवड्याला किमान २० दिवस भरपगारी रजा कायद्यानं मिळते. ते या आकड्यात दिसणार नाही. देशपातळीवरचं चित्र हवं असेल तर संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक बघा. २०२३ च्या आकड्यांत जर्मनी पाचव्या आणि भारत १३० व्या क्रमांकावर आहे. पण तो देशाची सरासरी सांगतो, तुमच्या घराचा हिशोब नाही.

मग वापरायचं कसं? पानावर गेल्या १२ महिन्यांत किती जणांनी किती नोंदी भरल्या ते दिलेलं असतं, ते आधी बघा. आकडा लहान असेल तर पुढे वाचू नका. नंतर दूध, अंडी, भाज्या, इंटरनेट, पाळणाघर एवढ्या ओळी उचलून स्वतःच्या शीटमध्ये घाला. प्रत्येक घराला द्यावं लागणारं महिन्याला १८.३६ युरोंचं रेडिओ-टीव्हीचं प्रसारण शुल्क, वीज, आणि महिन्याचा ६३ युरोंचा डॉइचलांड तिकीट पास (देशभरच्या स्थानिक बस-रेल्वेसाठी) स्वतः जोडा. पुण्याच्या बाजूला मावशी, सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची फी आणि आई-वडिलांचा विमा लिहा. हा शेवटचा आकडा तिकडे गेल्यावरही सुटत नाही, कारण जर्मन कौटुंबिक विम्यात आई-वडील येत नाहीत. तो दोन्ही रकान्यांत धरा.

दरांच्या तक्त्याला पाचपैकी चार. वरच्या वाक्याला एक.