कोई मासे घ्यायला गेलो, पाच आठवडे हात हलवत परत आलो, तरी चार स्टार

पुण्यात कोई (हौदात पाळायचे रंगीत मासे) विकणारी दुकानं भरपूर आहेत, कोई विकायला नाही म्हणणारं मला हे एकच भेटलं. नाव लिहीत नाही, दुकानाच्या मालक काकांनीच सांगितलंय की ऑनलाइन काही टाकू नका, शनिवारी आधीच उभं राहायला जागा नसते.

आधीचं सांगतो. मागच्या वर्षी दुसऱ्या एका दुकानातून तीन फुटी टाकीसाठी सहा कोई उचलले होते, तो म्हणला फिल्टर लावा आणि लगेच सोडा, काही होत नाही. दहा दिवसांत चार गेले. पाणी काचेसारखं होतं हो, त्यामुळे काय चुकलं कळेचना. म्हणून यंदा अंगणात सिमेंटचा हौद बांधला, आठ बाय पाच, साडेतीन फूट खोल, म्हणजे साधारण 4000 लिटर, उरलेले दोघं त्यात सोडले आणि ऐटीत काकांकडे गेलो, म्हणलं आठ द्या.

काका म्हणाले, पाणी आणलंय का? मला वाटलं प्यायचं.

दुसऱ्या दिवशी बाटलीतून हौदाचं पाणी नेलं. त्यांनी नळीत दोन बाटल्यांतले थेंब टाकले, पाच मिनिटांत पिवळं पाणी हिरवं झालं. अमोनिया. वर पीएच (पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) 9, नवीन सिमेंटचा चुना उतरत होता, आणि पीएच जितका जास्त तितका तोच अमोनिया माशाला जास्त घातक. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण हे बॅक्टेरिया बसायला चार-सहा आठवडे लागतात. आणि मी शहाणा दर रविवारी फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून धुवायचो! कॉर्पोरेशनच्या पाण्यातल्या क्लोरीननी सगळे बॅक्टेरिया साफ. स्पंज हौदाच्याच पाण्यात खळबळायचा असतो हे चाळिशीत कळलं. आमची आई माशांना घालायची ते पोळीचे तुकडेही त्याच दिवशी बंद झाले.

मग दर शनिवारी बाटली घेऊन जायचं आणि नापास होऊन यायचं. टेस्टचे पैसे एकदाही घेतले नाहीत. मधे नायट्राइट वाढलं तर म्हणाले वाण्याकडून खडेमीठ घ्या, आयोडीनवालं नको, हजार लिटरला एक किलो, मिठामुळे नायट्राइट कल्ल्यांतून आत जात नाही. स्वतः विकत असलेलं औषध दाखवलंसुद्धा नाही!

पाचव्या आठवड्यात पास झालो, तरी आठ नाहीच, तीनच दिले, दोन कोहाकू आणि एक सान्के (कोईच्याच जाती). हे दोन फुटांचे होतात, वीस-पंचवीस वर्षं जगतात, तेव्हा कुठे ठेवणार आठ? जपानी आहेत का विचारलं तर सरळ म्हणाले, नाही, इकडचेच, जपानातल्या निगाताचा हवा तर किमतीपुढे एक शून्य वाढवा. हेही सांगितलं की नवीन मासे तीन आठवडे वेगळ्या टबमध्ये ठेवा, मी ठेवले.

तक्रारी आहेत. फोन उचलत नाहीत, गाडी लावायला जागा नाही, खाद्य महाग, आणि चार गिऱ्हाइकांसमोर आपली शाळा घेतात. एक स्टार मात्र जाळीचा कापलाय. बगळा येतो, हौदावर जाळी लागते, हे काका बोललेच नाहीत, आणि जुन्या दोघांतला छोटा एका सकाळी गायब. जाऊन सांगितलं तर म्हणाले, "अहो, तेवढं तुम्हाला कळत असेल असं वाटलं मला."