पैठणीचा कॅटलॉग छापून घेतला, सातपूरच्या प्रेसचा अनुभव

नाशिकला रविवार कारंजाजवळ आमचं साड्यांचं दुकान आहे, येवल्याच्या पैठण्याच जास्त. बाहेरगावहून फोनवर ऑर्डर देणाऱ्या बऱ्याच जणी साठीच्या पुढच्या, त्यांना मोबाईलवरचे फोटो नको असतात, हातात धरून सुनेला, जावेला दाखवता येईल असं काहीतरी हवं असतं, म्हणून यंदा दिवाळीआधी छापील कॅटलॉग केला. काम सातपूर एमआयडीसीतल्या एका ऑफसेट प्रेसला दिलं.

मालक खरंच जाणकार. मी २२ पानांचं मॅटर घेऊन गेलो तर म्हणाले सेंटर पिन, म्हणजे मधल्या घडीवर पिना, मारायची तर पानं चारच्या पटीतच लागतात, २४ करा. मग उरलेल्या दोन पानांवर ऑर्डर फॉर्म आणि ब्लाउजची मापं कशी घ्यायची ते टाकलं, आता फोनवर तेच पान सगळ्यात जास्त कामी येतंय. मला आत १३० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम) कागद आणि कव्हर २५० चं हवं होतं, त्यांनी वजन करून दाखवलं, ए५ साईजला पाकिटासकट ६० ग्रॅमच्या वर जात होतं आणि स्पीड पोस्टाचा पहिला स्लॅब ५० ग्रॅमचा, मग आत १०० आणि कव्हर १७० घेतलं, बसलं बरोबर. जरीचे भाव हलतात म्हणून किमती आत न छापता सुटा कागद घाला, हेही त्यांनीच सुचवलं.

पण रंगात मार खाल्ला. डिजिटल प्रूफ, म्हणजे छपाईआधी डिजिटल मशीनवर काढलेला नमुना, झकास दिसलं, ओके केलं, आणि मशीनवरचा पहिला शीट बघून आई म्हणाली ही आपली साडी नाहीच. राणी कलर मळका, मोरपंखी मेलेला. स्क्रीनवरचे असे चटक रंग छपाईच्या चार शाईत पूर्ण येत नाहीत आणि डिजिटल प्रूफ ऑफसेटसारखं नसतं, हे आधी सांगायला हवं होतं ना. मी साडी घेऊन मशीनपाशी उभा राहिलो, ऑपरेटरदादांनी दोन तास शाई कमीजास्त केली, पण मशीनवर शाई शीटच्या एकेका पट्ट्यापुरती कमीजास्त होते, त्यामुळे एकाच पट्ट्यात राणी आणि मोरपंखी दोन्ही आल्या तर एक सुधारली की दुसरी बिघडते. राणी जमली, मोरपंखी तेवढी नाही. शिवाय माल चार दिवस उशिरा मिळाला.

तरी पुढच्या वेळी तिथेच जाईन, फक्त एकसारख्या रंगाच्या साड्या शीटवर एका पट्ट्यात लावून घेईन आणि प्रूफ त्याच कागदावर मागेन, साडी शेजारी ठेवून.