फाइन आर्ट्समध्ये काय पाहावे: वार्षिक प्रदर्शन की हॉलमधले निवडक प्रदर्शन?

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी कमाठीबागेपासून फार लांब नाही, तरीही दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या अनेक मराठी घरांतून तिथे कोणी तेव्हाच जाते, जेव्हा घरातले एखादे मूल बारावीनंतर चित्रकला शिकण्याचा हट्ट धरते. अशा पालकांनी, किंवा आजची कला पाहण्याची नुसती इच्छा असलेल्यांनीही, तिथे भरणाऱ्या दोन प्रकारच्या प्रदर्शनांतला फरक आधी समजून घ्यावा. एक म्हणजे उन्हाळ्यात, परीक्षेच्या सुमारास लागणारे वार्षिक प्रदर्शन, आणि दुसरे म्हणजे फॅकल्टीच्या प्रदर्शन हॉलमध्ये एखाद्या कलावंताच्या, गटाच्या किंवा विषयाच्या निमित्ताने मांडलेले निवडक प्रदर्शन.

वार्षिक प्रदर्शनात निवड जवळजवळ नसते. वर्षभर ज्या खोल्यांत रंग सांडले, माती मळली आणि पत्रे कापले, त्याच खोल्या झाडून-पुसून त्यांतच कामे लावली जातात. पहिल्या वर्षाच्या वस्तुचित्रणापासून एम.व्ही.ए. या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षातल्या मांडणशिल्पांपर्यंत सगळे एकाच आवारात पाहायला मिळते. त्यामुळे दर्जा फार खालीवर असतो. एका भिंतीवर अत्यंत परिपक्व एचिंग (धातूच्या प्लेटवर आम्लाने कोरून छापलेले चित्र) असते, तर शेजारच्या भिंतीवर इंटरनेटवर पाहिलेल्या कोणत्या तरी परदेशी कामाची उघड छाया. पण काम करणारा विद्यार्थी बहुधा तिथेच आसपास असतो आणि हीच या प्रदर्शनाची खरी मिळकत आहे. त्याला विचारले, तर हा लिथोचा, म्हणजे ज्यावरून चित्र छापतात तो, दगड घासायला किती वेळ लागला, ओतकाम पहिल्या खेपेस का फसले, हे तो मोकळेपणाने सांगतो, आणि अशी उत्तरे कोणत्याही माहितीफलकावर लिहिलेली नसतात.

या प्रदर्शनाबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: ही कामे मुळात परीक्षकांसमोर मांडलेली असतात. मे २००७ मध्ये अशाच परीक्षेच्या कामांवर बाहेरच्या लोकांनी आक्षेप घेतला, एका विद्यार्थ्याला अटक झाली आणि विद्यार्थ्यांची बाजू घेणाऱ्या प्रभारी डीनना निलंबित व्हावे लागले. शिकण्याच्या एका टप्प्यावरचे काम पूर्ण झालेल्या कलाकृतीच्या मापाने मोजले, तर मोजणारा चुकतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवडक प्रदर्शनाचे स्वरूप याच्या उलट असते. कामे मोजकी असतात, त्यांच्यात मोकळी जागा सोडलेली असते, प्रकाशाचा विचार केलेला असतो आणि भिंतीवरच्या मजकुरात क्युरेटर, म्हणजे कामे निवडून मांडणारा, आपली भूमिका सांगतो. तासाभरात नीट पाहून होते, आणि नवख्या प्रेक्षकाला हा आधार मोठाच वाटतो. बडोद्याच्या बाबतीत तर त्याची विशेष गरज आहे, कारण इथली परंपरा एकसुरी नाही. इंदूरला कलाशिक्षक देवळालीकर यांच्याकडे शिकलेले चित्रकार ना. श्री. बेंद्रे १९५० मध्ये चित्रकला विभागाचे पहिले प्रमुख झाले आणि १९६६ पर्यंत इथे राहिले; पुढे याच फॅकल्टीत एकीकडे चित्रकार गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर यांनी माणसे, गल्ल्या आणि गोष्टी चित्रात परत आणल्या, तर १९७२ पासून इथे शिकवणाऱ्या नसरीन मोहम्मदी यांनी कागदावर केवळ रेषा ठेवल्या. या दोन वाटा एकाच आवारात कशा नांदल्या, हे चांगला क्युरेटर चार कामे शेजारी लावून दाखवू शकतो. वार्षिक प्रदर्शनात त्याच वाटांचे वारस पसरलेले दिसतात, पण ओळख करून द्यायला कोणी नसल्यामुळे नजर तयार नसेल तर सगळे एकमेकांत मिसळून जाते. अर्थात क्युरेटरचा मजकूर जड आणि चित्र हलके असाही प्रकार घडतो. तेव्हा मजकूर नंतर वाचावा.

कमाठीबागेतली पिक्चर गॅलरी हा तिसरा पर्याय अनेक जण सुचवतात. ती १९२१ मध्ये खुली झाली, तिथला युरोपीय चित्रांचा संग्रह पाहण्याजोगा आहे आणि लगतच्या संग्रहालयातल्या ममीमुळे मुलेही खूश होतात. परंतु आजची कला कशी घडते, या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळत नाही.

ज्यांच्या घरात प्रवेशाचा प्रश्न आहे, त्यांनी निःशंकपणे वार्षिक प्रदर्शन निवडावे आणि एम.व्ही.ए.च्या मोठ्या कामांनी दिपून जाण्याआधी पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या खोल्या पाहाव्यात, कारण आपल्या मुलाला पुढची दोन वर्षे तेच करायचे आहे. चित्रकला, शिल्पकला, ग्राफिक्स (म्हणजे छापून केलेली चित्रे) आणि उपयोजित कला या विभागांतला फरकही तिथे चालता चालता कळतो. अनेक मुले विभागाचे नाव ऐकून अर्ज भरतात आणि मग पस्तावतात. ज्यांना फक्त एक संध्याकाळ द्यायची आहे, किंवा सोबत वडीलधारी मंडळी आहेत, त्यांना हॉलमधले निवडक प्रदर्शन अधिक सोयीचे पडेल, कारण वार्षिक प्रदर्शनात ऐन उन्हाळ्यात या इमारतीतून त्या इमारतीत बरीच पायपीट होते.

विकत घेण्याचा विचार असणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९६१ मध्ये सुरू झालेला, पण दर वर्षी न भरणारा फाइन आर्ट्स फेअर भरला, तर विद्यार्थी-शिक्षकांनी केलेली खेळणी आणि लहान वस्तू तिथे घ्याव्यात. एरवी वार्षिक प्रदर्शनात मुद्राचित्रांकडे, म्हणजे छापलेल्या चित्रांकडे, पाहावे: एकाच प्लेटवरून मोजक्या प्रती काढलेल्या असल्यामुळे ती रंगचित्रापेक्षा सहसा स्वस्त पडतात. खाली पेन्सिलने सही आणि ३/१० (दहा प्रतींपैकी तिसरी) असा क्रमांक आहे ना, हे पाहून घ्यावे, आणि परीक्षेचा निकाल लागेपर्यंत काम भिंतीवरून काढता येत नसेल, तर नंतर केव्हा न्यायचे ते विद्यार्थ्याशी बोलून ठरवावे.