पाचारण: पूर्णवेळ सेवा की नोकरी सांभाळून?

उपासना सुटली की चर्चच्या दारात एखादा तरुण गाठतो, "काका, पाचारण आहे असं वाटतंय. नोकरी सोडू का?" पाचारण म्हणजे देवाने आपल्या सेवेसाठी बोलावणं. मी दोन्ही करून पाहिलंय. सव्वा वर्ष पूर्णवेळ सेवेत होतो. त्यानंतर आजवर नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यात पाळ्या आणि उरल्या वेळात सेवा. माझं पारडं थोडं झुकलेलं असणार, ते धरूनच वाचा.

वचनं दोन्ही बाजूंना आहेत, आणि तीही एकाच माणसाची. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 9व्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की सुवार्ता सांगणाऱ्याचं पोट सुवार्तेवर चालावं; आणि लगेच पुढे, मी मात्र हा हक्क वापरला नाही. करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाबरोबर तंबूच करत होता.

पूर्णवेळाचं मोठेपण मला मान्य आहे. रात्री दोनला मयत झाली तर पाळकसाहेब तसेच निघतात, मला सुपरवायझरला विचारावं लागतं. संदेशाच्या तयारीला आख्खी सकाळ मिळते. ज्याला सेमिनरीचा, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयाचा अभ्यास आणि चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या बैठका दोन्ही झेपतात, त्याने खुशाल जावं.

मला झेपला नाही तो रिपोर्ट. आमच्याकडे महिनाअखेरीस तक्ता भरायचा: किती घरं, किती प्रार्थना, किती जणांनी ख्रिस्ताला स्वीकारायचा 'निर्णय' घेतला. सोबत फोटो. एकदा सरकारी दवाखान्यात सिन्नरकडच्या एका आजींच्या खाटेशी प्रार्थना करत होतो. सलाइन लावलेल्या हाताने त्यांनी माझी बाही धरून ठेवलेली. आणि मी डोळे मिटून प्रभूचं नाव घेता घेता विचार करतोय, खिडकी पाठीमागे आहे, फोटो काळा येणार. आमेनच्या आधीच माझा दुसरा हात खिशात गेला. आजींनी डोळे उघडले, मोबाइल पाहिला, बाही सोडली आणि डोक्यावरचा पदर सारखा करून नीट बसल्या.

तो तक्ता मी भरला. पुढचा नाही.

तुम्ही म्हणाल, दोष तक्त्याचा, पूर्णवेळ सेवेचा नव्हे. असेल. सगळीकडे असं नसतंही. पण पगार सेवेचा असला की कोणाला तरी हिशेब द्यावा लागतो, आणि माझं मन त्या हिशेबातच अडकतं. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक, त्यांनीही 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. त्यांची कारणं मोठी होती, माझं एका फोटोएवढं.

नोकरीत राहून केलेली सेवा म्हणजे अर्धीमुर्धी, असं म्हणणाऱ्यांना मी आपल्या शरणपूरचा जेकब वेनराइट सांगतो. गुलामीतून सुटलेला आफ्रिकी मुलगा, इथल्या मिशन शाळेत शिकलेला. 1873 मध्ये मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या रानात वारला, तेव्हा दफनाची प्रार्थना या जेकबने वाचली. पाळकाची दीक्षा त्याला नव्हती, मोहिमेतला एक गडी होता तो.

माझ्या वाटेलाही काटे आहेतच. सेकंड शिफ्टचा आठवडा आला की बायबल वर्ग बुडतो, रविवारी डोळे मिटतात ते प्रार्थनेसाठीच असं नाही. पण एका नाइटला शेजारच्या मशीनवरचा सोबती जवळ आला. सकाळी बायकोचं ऑपरेशन होतं. म्हणाला, "तुमच्या देवाला एवढं सांगा ना." त्या सव्वा वर्षात असं आपणहून कोणी मागितलं नव्हतं.

काहीही ठरवा, घरी आधी बोला. टिळकांचा बाप्तिस्मा 1895चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900चा; मधली पाच वर्षं आपल्या जलालपूरच्या त्या लेकीने कशी काढली, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. मीही सेवेसाठी पहिली नोकरी सोडली ती राजीनामा देऊन आल्यावर संध्याकाळी घरी सांगितली. ही काही बोलली नाही. वाण्याचं बिल तेवढं चहाच्या कपाखाली ठेवून आत गेली.