सारंगीची कॅसेट आणि औरंगपुऱ्यातील एक दुकान

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात, एका अरुंद जिन्याने वर गेल्यावर, जुन्या कॅसेटमधील ध्वनिमुद्रण संगणकाच्या फाइलमध्ये उतरवून देणारे दीड खोलीचे दुकान आहे. गेल्या महिन्यात तेथे मी माझी एक कॅसेट दिली होती. आलेला अनुभव सविस्तर लिहिण्याजोगा आहे. मात्र त्यासाठी आधी कॅसेटविषयी सांगावे लागेल.

१९९८ साली मी आकाशवाणीच्या परभणी केंद्रावर नैमित्तिक उद्घोषिका होते. ‘१३०५ किलोहर्ट्झ’ हे शब्द त्या काळी झोपेतही माझ्या तोंडून निघत असत. त्या हिवाळ्यात अंबाजोगाईला एका मैफलीत साथीला एक सारंगीवादक येणार असल्याचे कळले आणि मी केंद्राचे काम नसताना, स्वतःचा टेपरेकॉर्डर पिशवीत घालून, गंगाखेड-परळीमार्गे एसटीने तेथे गेले. पत्रिकेवर गायकाचे नाव ठळक होते आणि यांचे खाली, तबल्याच्या शेजारी, बारीक अक्षरांत. माझे आवडते कलाकार मात्र हेच होते. (नाव येथे लिहीत नाही, कारण त्यांच्या घरच्यांना मी विचारलेले नाही.) १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, तेव्हा गायनाच्या साथीत सारंगीला हक्काची जागा होती, पेटी परत आली आणि ती जागा हळूहळू आकसत गेली. त्यामुळे समोर बसून सारंगी ऐकायला मिळणे ही आमच्या भागात तेव्हाही नवलाईच होती.

शाळेच्या एका वर्गात कलाकारांची सोय केली होती. बाकावर बसून ते बोटांना टाल्कम पावडर लावत होते, कारण सारंगीची तार बोटाच्या टोकाने दाबत नाहीत, नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीने बाजूने अडवतात, आणि बोट सरकले नाही तर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, तुटते. मी भिंतीतल्या प्लगला अ‍ॅडॅप्टर लावला आणि मुलाखत सुरू केली.

ही कॅसेट मी अडीच दशके जपली. मागच्या कडेची प्लॅस्टिकची चिप तोडून ठेवली होती, जेणेकरून तिच्यावर चुकून काही मुद्रित होऊ नये. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरातील दुकानातून तिची एमपीथ्री फाइल करून घेतली, तेव्हा माझा आवाज बराच कोवळा वाटला आणि तारुण्याचा आवाज असाच असणार, असे समजून मी मनोमन सुखावले. पुढे एकदा सहज पेटीवर सूर लावून पाहिला, तर काळी एक या पट्टीत गाणाऱ्या त्या गायकाचा षड्ज, म्हणजे सा, तिच्या लगतच्या वरच्या पांढरी दोनच्या जवळ निघाला. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या गतीने धावायला हवी. गती सहा टक्के वाढली की सगळे स्वर अर्ध्या स्वराने चढतात. तेव्हा ते तारुण्य नव्हते, यंत्राची मोटार पळत होती. त्या दुकानाला हे कळवल्यावर, फाइल चालते ना, एवढेच उत्तर आले.

औरंगपुऱ्यातील दुकानदारांनी कॅसेट लगेच यंत्रात घातली नाही, हे मला सर्वप्रथम आवडले. त्यांनी भिंग लावून पाहिले आणि फितीला हेडवर, म्हणजे तिच्यावरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारी फेल्टची इवलीशी गादी गळून पडल्याचे दाखवले. माझ्या कॅसेटला स्क्रू नव्हते, खोके चिकटवलेले होते. ते पात्याने सांध्यावर उघडून त्यांनी फीत स्क्रूच्या दुसऱ्या खोक्यात बसवली. मग हेड स्पिरिटच्या कापसाने पुसले आणि शेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवत हेडचा कोन जुळवला. तो जुळला त्या क्षणी, कानावरची गोधडी कोणी ओढून घ्यावी तसा गजाचा खरखरीत स्पर्श समोर आला.

गतीचा प्रश्न त्यांनी ज्या रीतीने सोडवला, त्यासाठी मी या दुकानाला पैकीच्या पैकी गुण देईन. माझ्या अ‍ॅडॅप्टरमुळे संपूर्ण मुलाखतीखाली विजेचा एक बारीक घुमारा आला आहे, त्याची मला इतकी वर्षे लाज वाटत असे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो घुमाराही ५० वरच असायला हवा. त्यांनी माझी जुनी फाइल संगणकावर लावली. घुमारा ५३ वर उभा होता. “ताई, फाइल पळायली,” एवढेच म्हणून त्यांनी यंत्राची मोटार घुमारा ५० वर येईपर्यंत मंद केली. षड्ज काळी एकवर आला आणि माझा आवाजही वयात आला.

घुमारा काढून टाकू का, असे त्यांनी विचारले, आणि काढला तर सारंगीच्या खर्जातलेही थोडे जाईल, हे न विचारता सांगितले. अखेर दोन फाइली ठरल्या : एक जशीच्या तशी, ४८ किलोहर्ट्झ व २४ बिटची, जी तासाभराच्या कॅसेटला सुमारे १ जीबी जागा घेते, आणि एक मोबाइलवर ऐकण्यासाठी हलकी.

तक्रारीही आहेत. आठ दिवसांचे काम तेवीस दिवसांवर गेले आणि तीन वेळा फोन मलाच करावा लागला. पावती मिळत नाही. वहीत नाव लिहितात, तेही पेन्सिलने. एवढी मोलाची वस्तू सोपवताना हातात एखादा कागद असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फाइलींना नावे दिलेली नव्हती. खाली दुचाकी लावायलाही जागा नाही आणि जिना चढणे ज्येष्ठांना त्रासाचे आहे. साठ मिनिटांच्या कॅसेटचे ३०० रुपये आणि खोके बदलण्याचे ८० रुपये घेतले, ते मला वाजवी वाटले.

आता ध्वनिमुद्रणाविषयी. सारंगीवादकांनी माझ्याशी अर्धा तास गप्पा मारल्या आणि आकाशवाणीच्या आठवणी सांगितल्या, असे मी आजवर कार्यक्रमांतून अनेकदा सांगितले आहे. फाइलमधली मुलाखत अकरा मिनिटांची आहे आणि त्यातली निम्मी मीच बोलते आहे. ते दोनदा बोलू लागतात आणि दोन्ही वेळा मी पुढचा प्रश्न विचारते. आठवणी तर नाहीतच. रात्री सारंगी परळीच्या रेल्वे स्थानकापर्यंत नेण्यासाठी केंद्राची गाडी मिळेल का, अशी चौकशी आहे, आणि मी एसटीने आले आहे, असे माझे ओशाळलेले उत्तर आहे.

जुन्या फाइलमध्ये माझ्या आभाराच्या वाक्यानंतर सारे संपत होते. या फाइलमध्ये त्यापुढे चार मिनिटे आहेत, कारण मी तेव्हा बटण बंद करायला विसरले होते. आधीच्या दुकानाने तेवढा भाग बिनकामाचा म्हणून कापला असावा, यांनी मात्र फीत शेवटपर्यंत चालवली. कोणीतरी चहाचे पेले ठेवते. ते एकेक खुंटी पिळत पस्तीसेक तरफा, म्हणजे मुख्य तारांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या तारा, लावत जातात, मध्येच थांबून चंद्रकंस रागाचे चार-पाच स्वर लांबवतात, पुन्हा एक तरफ किंचित चढवतात आणि तोच निषाद परत घेतात. या खेपेला खोलीतल्या सगळ्या तारा त्यांच्याबरोबर वाजतात. मग बाहेरून हाक येते, बाक सरकल्याचा आवाज होतो आणि घुमारा तेवढा चालू राहतो.

माझ्याकडे अशा आणखी सहा कॅसेट आहेत. त्यांतल्या दोन मी सोमवारी देऊन आले, या वेळी वहीतले नाव पेनने लिहायला लावून.