फातोर्डा स्टेडियम: फुटबॉल बघायचा तर इथेच

एफसी गोवा या आमच्या फुटबॉल क्लबचा सामना बघायला मडगावच्या फातोर्ड्याला जाणार असाल तर तिकीट ईस्ट स्टँडचं काढा. गोलपोस्टमागे बसलात तर पलीकडचा गोल फार लांब पडतो, कारण क्रिकेटही खेळता यावं म्हणून हे मैदान वाटोळं आखलंय. ईस्ट लोअरला, म्हणजे याच स्टँडच्या खालच्या भागात, ढोल आणि ‘फोर्सा गोवा’च्या आरोळ्या सामना संपेपर्यंत थांबत नाहीत. लहान मूल बरोबर असेल तर वर बसा. तिथून बचावफळी कशी सरकते तेही दिसतं, मला तर तीच जागा आवडते.

फातोर्डा स्टेडियम, म्हणजेच पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम, १९८९ साली उभं राहिलं. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला नेहरू चषकातला ऑस्ट्रेलिया-श्रीलंका क्रिकेट सामना इथे झाला. आमचे काका फोंड्याहून तो बघायला आले होते. ॲलन बोर्डरचा संघ मडगावात खेळला, हे ते आजही अभिमानाने सांगतात. शेवटचा एकदिवसीय सामना १४ फेब्रुवारी २००७ चा. भारताने श्रीलंकेला पाच गडी राखून हरवलं आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय क्रिकेट इथून गेलं ते गेलंच. काकांना हळहळ वाटते, मला नाही. २०१४ च्या लुसोफोनिया (पोर्तुगीजभाषक देशांच्या) क्रीडा स्पर्धेसाठी स्टेडियमची डागडुजी झाली, त्याच वर्षी इंडियन सुपर लीग (आयएसएल) ही फुटबॉल स्पर्धा सुरू झाली आणि या मैदानाला त्याचा खरा खेळ सापडला. आता साधारण १९ हजार प्रेक्षक मावतात. गोव्यासाठी हा आकडा अगदी बरोबर आहे. गॅलरी भरते, आणि भरली की आवाज बाहेर रस्त्यापर्यंत पोचतो.

१७ नोव्हेंबर २०१५ ला मुंबई सिटीला ७-० हरवलं तेव्हा मी इथे होते. आपले डुडू आणि हाओकिप, दोघांचीही हॅटट्रिक! पाचव्या गोलनंतर शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा हात घट्ट धरला तो शेवटची शिटी होईपर्यंत सोडलाच नाही. त्यांच्या डब्यातले नेवरे (करंज्या) आमच्या अख्ख्या रांगेत फिरले. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, याच मैदानावर आयएसएलचा अंतिम सामना. नव्वदावं मिनिट जवळ आलं तरी आपण चेन्नईच्या चेन्नईयिन संघाच्या २-१ पुढे, आणि शेवटी ३-२ ने हरलो. परतताना बोरीचा पूल येईपर्यंत गाडीत कुणी तोंड उघडलं नाही.

फातोर्ड्याने मोठ्यांना पडतानाही पाहिलंय. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात इराणच्या मुलांनी जर्मनीला ४-० लोळवलं ते इथेच. एप्रिल २०२१ मध्ये गॅलरी कोविडमुळे रिकामी होती, पण एफसी गोवाने आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये प्रशिक्षक लोराँ ब्लाँच्या कतारी अल-रय्यानला गोलशून्य बरोबरीत रोखलं. धीरज सिंग त्या दिवशी गोलमध्ये काय उभा राहिला होता! ऑक्टोबर २०२५ मध्ये रोनाल्डोचा सौदी क्लब अल-नस्र आला. रोनाल्डो आला नाही म्हणून पुष्कळ जण हिरमुसले. मला मात्र ब्रायसन फर्नांडिसचा गोल पुरला. गोव्याच्या पोराने अल-नस्रला गोल मारावा आणि तो आपण घरच्या गॅलरीतून बघावा, आणखी काय हवं? सामना आपण २-१ ने हरलो, तरी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मालकी सरकारची, म्हणून सगळ्या मोठ्या सोहळ्यांनाही हेच मैदान लागतं. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचं उद्घाटनही इथेच झालं. सोहळे जरूर व्हावेत, पण गवत आधी जपावं असं मला कळकळीने वाटतं. चेंडू जमिनीवरून खेळणाऱ्या संघाला खडबडीत मैदान मारक ठरतं.

जाताना पोट थोडं रिकामं ठेवा. बाहेर गाड्यावर रस ऑम्लेट मिळतं: ऑम्लेटवर शाकुतीचा (मसालेदार गोवन रश्श्याचा) गरम रस, वर बारीक चिरलेला कांदा, लिंबू, आणि बुडवायला पाव. रस जास्त मागा, देतात. मडगावच्या कदंब बसस्थानकावरून स्टेडियमपर्यंत चालत जाता येतं, गाडी आणलीत तर मात्र तासभर आधी या. साडेसातचा सामना संपायला साडेनऊ होतात, तेव्हा फोंड्याकडे परतायला बसच्या भरवशावर राहू नका. आम्ही शेजारी मिळून एक गाडी ठरवतो.